जत्रा, खेळ आणि जमाव : इंग्रजी अमदानीतील आपला तालुका



स्मरणिका समितीने माझ्याकडे जुन्या इतिहासाविषयी लेख मागितला. राजे, किल्ले आणि लढाया यांवर लिहिणारी विद्वान मंडळी पुष्कळ आहेत. मी पडलो तालुका कचेरीतला कारकून. लोक कशासाठी एकत्र जमत, जमल्यावर काय करीत, आणि त्या जमण्याकडे सरकार कोणत्या नजरेने बघत असे, हा विषय माझ्या रोजच्या कागदपत्रांच्या जवळचा आहे. मंदिर म्हणजे तरी काय, गावाने चार घटका एकत्र बसण्याची जागाच. तेव्हा या निमित्ताने तोच विषय घेतो.

आपल्या किनाऱ्यावर एक काळ असाही होता की देवाधर्मासाठी उघडपणे जमणे हाच गुन्हा होता. वसई १५३४ च्या तहाने आणि दमण १५५९ साली पोर्तुगीजांकडे गेले, आणि मधली तारापूर-माहीमची पट्टी त्यांच्या अमलाखाली आली. त्या अमलात देवळे पडली, हिंदूंच्या उघड सण-समारंभांवर बंदी आली. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत जानेवारी १७३९ मध्ये तारापूरचा किल्ला घेताना बाजी भीवराव रेठरेकर धारातीर्थी पडले, आणि मे महिन्यात वसई हाती आली. या मोहिमेची वर्णने आपण शाळेत वाचतो, परंतु त्यानंतर वाजतगाजत पालखी काढताना इथल्या म्हाताऱ्या माणसांना काय वाटले असेल, ते कोणत्या बखरीत सापडत नाही.

पेशवाई बुडाली आणि १८१८ पासून इंग्रजी अंमल पक्का झाला. इंग्रजाची रीत निराळी. त्याने सणांना सरसकट बंदी केली नाही. त्याला बंदीपेक्षा नोंद, परवाना आणि शुल्क यांची आवड अधिक. १८८२ साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात आपला तालुका माहीम तालुका या नावाने आहे, कारण कचेरी तेव्हा केळवे-माहीमला होती. ती पुढे पालघरला आली आणि तालुक्याचे नावही बदलले. कचेरी पालघरला येण्याचे कारण आगगाडी. २८ नोव्हेंबर १८६४ रोजी बी. बी. अँड सी. आय. कंपनीची गाडी सुरतेकडून थेट मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत धावू लागली, आणि ज्या गावांवरून रूळ गेले त्यांचे भाग्य फळफळले. बंदराची जुनी गावे मात्र हळूहळू मागे पडली.

गाडीचे मुंबईकडचे टोक ग्रँट रोडला होते हा योगायोग मोठा मौजेचा आहे. त्याच भागात १८४६ साली नामदार जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने नाटकगृह उभे राहिले होते. विष्णुदास भावे यांनी सांगलीस १८४३ साली मराठी नाटकाचा प्रारंभ केला आणि १८५३ साली त्याच ग्रँट रोडच्या नाटकगृहात खेळ केले. पारशी मंडळींची नाटकेही त्याच वर्षी तेथे सुरू झाली. म्हणजे आपल्याकडचा माणूस भाताची विक्री करून किंवा कोर्टाच्या कामाने मुंबईस उतरला, की नाटकाची जाहिरात त्याच्या डोळ्यांसमोर. खिशात पैसे असणाऱ्यांची सोय झाली. तिकीट काढायचे, नेमल्या जागी बसायचे, पडदा पडला की उठायचे. करमणुकीची ही पद्धत आपल्या मुलखाला नवी होती.

जुनी पद्धत दुसरी, आणि ती आपल्या बाजूस अजून जिवंत आहे. डहाणूच्या महालक्ष्मीची जत्रा घ्या. चैत्र पौर्णिमेला सुरू होते आणि पंधरा दिवस चालते. मध्यरात्री वाघाडी गावचा सातवी कुळातील पुजारी डोंगराच्या सुळक्यावर चढून ध्वज लावतो. ध्वज जव्हारच्या मुकणे घराण्याकडून येण्याची परंपरा आहे. म्हणजे मान आदिवासी पुजाऱ्याचा, ध्वज संस्थानिकांचा, आणि खाली मैदानात कोळी, मांगेला, भंडारी, वाडवळ, कुणबी, वारली, कोकणा, वाणी, सगळी दुनिया. पावसाळ्याच्या तोंडावरचे दिवस, त्यामुळे देवीचे दर्शन आणि पावसाळ्याची बेगमी एकाच फेरीत होते. पाळणे, बांगड्या, मिठाई हे तर आलेच. परंतु जत्रेचे खरे काम वेगळे. सोयरिकी तिथे जुळत, वर्षभराच्या बातम्या तिथे कळत, आणि एका खोऱ्यातला माणूस दुसऱ्या खोऱ्यातल्या माणसाला तिथेच भेटत असे. टपाल आणि वर्तमानपत्र ज्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते, त्यांची ती कचेरीच म्हणा ना.

जव्हार आणि मोखाड्याकडे बोहाडा. उन्हाळ्यातल्या रात्री मशालीच्या उजेडात संबळ आणि पिपाणीच्या तालावर देवदैत्यांचे मुखवटे घालून सोंगे येतात, गणपती येतो, सरस्वती येते, रावण येतो. ठरलेले सोंग ठरलेल्या घराण्याने नाचवायचे. याला ना तिकीट, ना खुर्ची. बघणारा आणि नाचणारा यांत भिंत नाही, आज बघणाऱ्याचा भाऊ उद्या मुखवट्याखाली असतो.

आणि तारपा. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, मेण आणि ताडाची पाने यांपासून केलेले हे वाद्य आपल्या परिसरात कोणाला नव्याने सांगायला नको. नवे भात आले की तारपकरी मध्ये उभा राहतो आणि बायाबापड्यांची साखळी त्याच्याभोवती वळत जाते. पुढचा गडी घोळकाठी आपटून पावले बदलायची खूण देतो. साखळीने तारप्याला पाठ दाखवायची नाही असा दंडक आहे. डहाणूकडचे चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी आणि इतर वारली कलावंतांनी हेच वेटोळे तांदळाच्या पिठाने रंगवून साऱ्या जगाला दाखविले. आपल्या नव्या वसाहतीतल्या दिवाणखान्यांत ते चित्र लावलेले दिसते. चित्रातला नाच शेजारच्या पाड्यावर होतो हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. असो.

आता सरकारी बाजू. १८६० च्या भारतीय दंड विधानाने 'बेकायदेशीर जमाव' म्हणजे काय ते ठरविले: बेकायदा हेतूने जमलेली पाच किंवा अधिक माणसे. हा पाचाचा आकडा इतका टिकाऊ निघाला की १ जुलै २०२४ पासून दंड विधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तरी पाचाचे पाचच राहिले. १८७६ साली नाट्यप्रयोगांचा कायदा आला आणि राजद्रोही किंवा असभ्य वाटणारे नाटक बंद पाडण्याचा अधिकार सरकारला मिळाला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' हे १९०७ साली रंगभूमीवर आलेले नाटक १९१० साली बंद केले गेले. कीचक कोण आणि भीम कोण, हे प्रेक्षकांना कळत होते आणि सरकारलाही कळले, इतकेच. १८९० च्या मुंबई जिल्हा पोलीस कायद्याने रस्त्यावरची वाद्ये, मिरवणुका आणि खेळ यांचे नियमन पोलिसांकडे दिले. तो वारसा १९५१ च्या पोलीस कायद्यात आला. उत्सवाच्या आधी आपली मंडळी परवान्यासाठी जे हेलपाटे घालतात, त्यांचे मूळ इतके जुने आहे. अर्ज वेळेवर आणावा एवढीच एका कारकुनाची विनंती!

यापुढची पायरी १९२३ ची. त्या वर्षी मुंबई सरकारने करमणूक शुल्काचा कायदा केला. नाटक, सर्कस, सिनेमा, जे जे तिकीट लावून दाखविले जाईल त्याच्या तिकिटावर सरकारचा वाटा. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ला, म्हणजे ३ मे १९१३ ला, तेव्हा दहा वर्षे झाली होती आणि सिनेमाने चांगले बाळसे धरले होते. पुढे तंबूतले फिरते सिनेमे खेडोपाडी गेले, तसा त्यांच्यामागे करही गेला. २०१७ साली वस्तू व सेवा कर येईपर्यंत या राज्यात करमणूक कराचा कारभार चालू होता. जवळजवळ एक शतक.

त्या कायद्यातून एक गोष्ट उघड दिसते, आणि या लेखाचा मुद्दाही तोच. कायद्याच्या हिशेबी तिकीट असेल ती करमणूक. मग तारपा, बोहाडा, लग्नातले नाच, होळीची गाणी हे काय? या तालुक्यातल्या बहुसंख्य लोकांची आनंद करण्याची रीत करमणुकीच्या दप्तरात येतच नाही. ती शोधायची तर अबकारीच्या, जंगलाच्या आणि फौजदारीच्या कागदांकडे वळावे लागते. गोरगरिबाच्या आनंदावर सरकारने तिकीट लावले नाही हे खरे, पण फुकटही ठेवला नाही.

कसे, ते सांगतो. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारूची व्यवस्था मक्तेदाराकडे गेली. ताडाच्या झाडावर कर बसला. भंडारी समाजाचा तर पोटाचा धंदाच त्यावर, त्यामुळे ठाणे जिल्ह्यात मोठी ओरड झाली. १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावर निर्बंध आले. ज्या मोहाची दारू घरी गाळून देवाला नैवेद्य आणि पाहुण्याला पाहुणचार व्हायचा, तो मोह चोरीचा माल ठरला. मग सण आला की मक्तेदाराच्या दुकानातून रोख किंवा उधार घ्यायची. दारू चांगली की वाईट हा प्रश्न बाजूला ठेवा. फुकट मिळणाऱ्या वस्तूची उधारी झाली, हा मुद्दा ध्यानात घ्या.

याहून भयंकर प्रकार लग्नाचा. वारल्यांचे लग्न म्हणजे साऱ्या पाड्याचा उत्सव. धवलेरी गाणी म्हणते, भिंतीवर चौक लिहिला जातो, तारपा आणि ढोल वाजतात, आलेल्याला जेवू घालावे लागते. त्यासाठी लागणारे पैसे जमीनदाराकडून घ्यायचे आणि बदल्यात नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचे, कर्ज फिटेपर्यंत. या माणसाला 'लग्नगडी' म्हणत. कर्ज फिटत नसे हे निराळे सांगायला नको. डी. सिमिंग्टन या इंग्रज अधिकाऱ्याने १९३९ च्या सुमारास मुंबई सरकारला आदिवासींच्या स्थितीविषयी जो अहवाल दिला, त्यात वेठ आणि लग्नगडी यांचे वर्णन आहे. सरकारी अहवाल म्हणून तो कोरडा असेल अशी समजूत करून घेऊ नका. चार दिवसांच्या आनंदासाठी दोन माणसांचे उभे आयुष्य गहाण, हे एका सरकारी नोकराने सरकारलाच कळविले होते.

अशा स्थितीत लोकांनी जमणे सोडले का? नाही. उलट त्यांचे जमणेच पालटले, आणि त्याचा उगम आपल्या तालुक्याच्या किनाऱ्यावर झाला, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. १९२१-२२ च्या सुमारास किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्त्यांत देवीच्या रोगाची साथ होती. देवीच्या शांतीसाठी लोक जमत, कोणाच्या तरी अंगात येई आणि देवी त्याच्या तोंडून बोले. पूर्वीही असे होत असे. परंतु या वेळी देवी निराळेच बोलू लागली: दारू सोडा, ताडी सोडा, मांस-मासळी सोडा, रोज आंघोळ करा, घर स्वच्छ ठेवा. हा संदेश किनाऱ्यावरून आदिवासी पाड्यांत गेला, तेथून डहाणू, उंबरगाव करीत डोंगरपट्ट्यात, आणि १९२२ च्या नोव्हेंबरपर्यंत पार सुरत जिल्ह्यात. तिकडे ती 'सलाबाई'. हजारो आदिवासी उघड्यावर जमू लागले आणि दारूच्या मक्तेदारांची दुकाने ओस पडली. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने यावर १९८७ साली इंग्रजीत आख्खा ग्रंथ लिहिला.

याकडे अंधश्रद्धा म्हणून बोट दाखविणारे तेव्हाही होते, आजही असतील. माझे मत तसे नाही. ज्या माणसाला मक्तेदारासमोर 'नको' म्हणण्याची प्राज्ञा नव्हती, त्याला शेकडो माणसांत बसल्यावर ती आली, मग ती देवीच्या तोंडून का असेना. ही लाट फार वर्षे टिकली नाही. बरेच लोक पुन्हा दारूकडे वळले. पण जमले तर नाही म्हणता येते, हे एकदा कळलेले पुन्हा विसरले गेले नाही.

वीस वर्षांनी पालघर. ८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री मुंबईत 'चले जाव'चा ठराव झाला, पुढाऱ्यांची धरपकड झाली, आणि १४ ऑगस्ट रोजी किनाऱ्याकडच्या गावांतून लोकांचे लोंढे पालघरच्या तालुका कचेरीवर तिरंगा घेऊन आले. पोलिसांनी गोळीबार केला. काशिनाथ हरी पागधरे, गोविंद गणेश ठाकूर, रामचंद्र महादेव चुरी, रामप्रसाद भीमाशंकर तिवारी आणि सुकुर गोविंद मोरे हे पाच वीर हुतात्मे झाले. ज्या कचेरीत जमावाची व्याख्या लिहिलेली पुस्तके कपाटात होती, तिच्याच वाटेवर हे घडले. पालघरच्या पाचबत्तीला आपण हुतात्मा चौक म्हणतो. १४ ऑगस्टला तेथे माणसे जमतात, त्यांत शाळेतली मुले असतात. त्यांना पाचही नावे पाठ असावीत.

त्यानंतरची घटना डोंगराकडची. २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची मोठी परिषद भरली. झरी तेव्हा उंबरगाव भागात होते, आज तलासरी तालुक्यात आहे. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने ती भरविली होती. सुमारे पाच हजार लोक होते. यापुढे वेठ करणार नाही, मजुरी घेतल्याशिवाय राबणार नाही, असा निश्चय तिथे झाला. पावसाळा संपल्यावर गवत कापणीचा हंगाम आला, तेव्हा पाचशे पौंड गवताला अडीच रुपये या मागणीसाठी संप झाला. १० ऑक्टोबरला तलवाडा येथे हजारो आदिवासी जमले होते. बाईंची सभा आहे आणि त्यांच्या जिवाला धोका आहे अशी खोटी आवई उठवून त्यांना बोलाविण्यात आले होते. तेथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. एवढे होऊनही वेठ आणि लग्नगडी या प्रथा मोडल्या त्या मोडल्याच. गोदावरीबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० साली निघाले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या राजकीय पक्षाविषयी कोणाचे काहीही मत असो, ठाणे जिल्ह्यातल्या प्रत्येक वाचनालयात ते पुस्तक असायला हवे, आणि पालघर जिल्ह्यात तर हवेच.

स्वातंत्र्यानंतर आपला भाग किती पालटला हे वाचकांना मी काय सांगावे! १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, पाठोपाठ औद्योगिक वसाहत वाढली, देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे कामासाठी बोईसरला उतरली आणि आपल्या आसपास राहू लागली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. जुन्या गावात नव्या माणसांची भर पडली की जमण्याच्या जागा आखूड होतात. सणाची वर्गणी सगळे देतात, पण शेजारच्याचे नाव माहीत नसते. २०२० साली करोनाच्या साथीत १८९७ चा, म्हणजे प्लेगच्या दिवसांतला, साथरोग कायदा पुन्हा बाहेर काढावा लागला. देवळे बंद झाली, महालक्ष्मीची जत्रा भरली नाही. जत्रा नाही म्हणजे चैत्र संपल्यासारखा वाटतच नाही, असे तेव्हा पुष्कळांच्या तोंडून ऐकले.

या मंदिराचा सभामंडप नवा होत आहे. देणगीदारांच्या कृपेने काम देखणे होईल यात शंका नाही. या लेखाचा आधार घेऊन समितीपुढे एकच सूचना ठेवतो, मानणे न मानणे तिच्या हाती. मंडपात संगमरवर जरूर बसवावा, परंतु समोरचे सगळे अंगण फरशीने आणि कठड्याने बांधून टाकू नये. थोडी जागा मातीची, उघडी ठेवावी. ध्वनिवर्धकाला रात्री दहाची मर्यादा आहे, तारप्याला विजेची गरज नाही. अनवाणी पायांनी फेर धरायचा तर माती लागते, आणि फेर मोठा झाला की जागा लागते. ती किती लागते, हे गवंड्याने दोरी धरण्यापूर्वी पाड्यावरच्या जाणत्या मंडळींना विचारून घ्यावे.